सातवे छिद्र आणि दमसास

बासरीच्या आधुनिक इतिहासाविषयी एक वाक्य नेहमी ऐकू येते : पन्नालाल घोष यांनी बासरी लांब केली आणि ती मैफलीत आली. ते खरे आहे, पण अपुरे. बांबू लांब झाल्यावर वादकाला काय नव्याने शिकावे लागले, हा या इतिहासाचा उरलेला अर्धा भाग. तो मला उशिरा कळला; तोवर मी सूर सुधारावा म्हणून बासऱ्याच बदलत राहिलो.

बोटांचा विचार आपल्याकडे जुना आहे. नाट्यशास्त्रात सुषिर वाद्यांच्या अध्यायात भरत सांगतो, की बोट पूर्ण उचलले तर चार श्रुतींचा, कंपित ठेवले तर तीन श्रुतींचा आणि अर्धे उघडले तर दोन श्रुतींचा स्वर मिळतो. छिद्र जागचे हलत नाही. स्वर बोट ठरवते.

बारीसालला १९११ मध्ये जन्मलेले पन्नालाल १९४० मध्ये मुंबईत आले. ख्यालाचा आलाप मंद्रातून उभा राहतो आणि आखूड बासरीला ते गांभीर्य पेलत नाही, ही त्यांची अडचण होती. निरनिराळी साहित्ये वापरून पाहिल्यावर ते सुमारे ३२ इंची बांबूवर स्थिरावले. सहा छिद्रांच्या बासरीवर सगळी छिद्रे उघडली की तीव्र मध्यम वाजतो. पुढच्या पंचमासाठी मात्र सहाही बोटे एकदम मिटावी लागतात. तिथे मींड तुटते. करंगळीने मिटायचे सातवे छिद्र आल्यावर तीव्र मध्यम पंचमाच्या लगेच खाली, त्याच फुंकीत मिळू लागला. यमनसारख्या रागात याचे मोल मोठे आहे.

पण लांब नळीला फुंक जास्त लागते, छिद्रे दूर असल्याने बोटांच्या टोकांऐवजी पेरांनी ती झाकावी लागतात, आणि खालच्या पंचमावर दमसास उघडा पडतो. चित्रपटांत नाव झाल्यानंतर, १९४७ मध्ये, पन्नालाल उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांच्याकडे तालमीला बसले. वाद्य सुधारले म्हणून शिकणे संपले, असे त्यांनी मानले नाही.

पुढची साक्ष पंडित हरिप्रसाद चौरसियांची. त्यांनी सहा छिद्रांचीच बासरी ठेवली. आकाशवाणीवर नोकरी आणि नाव दोन्ही मिळाल्यावर ते अन्नपूर्णादेवींकडे गेले, आणि नव्याने शिकायची तयारी दाखवण्यासाठी बासरी उजवीकडून डावीकडे धरू लागले. वर्षांचा हात त्यांनी पुसून टाकला. अन्नपूर्णादेवी सूरबहार वाजवणाऱ्या. बासरीच्या शिष्यालाही त्या गाऊन शिकवीत.

एकाने छिद्र वाढवले, दुसऱ्याने हात बदलला. दोघांचा रोख मात्र एकच : बासरीने गावे.

हे उमगल्यावर मी बासऱ्या घेणे थांबवले. आता पहाटे आधी मंद्र पंचम, सूर हलेपर्यंत; मग आलापाची जागा गळ्याने म्हणायची आणि नंतरच फुंक घालायची. पलटे त्यानंतर. गळ्यात जी जागा लागत नाही ती बासरीतही लागत नाही, हे रोज पटते. जुनीच बासरी आहे. मींड अजून कधीकधी तुटते, पण आता ती कुठे तुटली ते ऐकू येते.