बडोदा कॉलेजातलं तासाबाहेरचं शिक्षण

बडोद्याला पाहुणा आला की आपण त्याला विद्यापीठाच्या कला शाखेचा घुमट दाखवायला नेतो. मीही नेतो. शिक्षणाने मी इंजिनियर, त्यामुळे बरीच वर्षं तिथे उभा राहून मी फक्त बांधकामाबद्दल बोलायचो. वास्तुरचनाकार रॉबर्ट चिझम. मेजर मँट वारल्यावर लक्ष्मीविलास पॅलेसचं काम ज्यांनी पुढे नेलं, तेच. मग विजापूरच्या गोलघुमटाशी तुलना. माझं भाषण इथे संपायचं. एकदा एका पाहुण्यांच्या शाळकरी मुलीने विचारलं, "काका, पण इथली मुलं दिवसभर करायची काय?" मला उत्तर देता आलं नाही. त्या प्रश्नाचं हे जरा उशिरा दिलेलं उत्तर.

आज ज्याला आपण कला शाखा म्हणतो ते मूळचं बडोदा कॉलेज. १८८१ साली सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीच्या आरंभी ते सुरू झालं. कॉलेज संस्थानचं, पण परीक्षा मुंबई विद्यापीठाची. ही एक गोष्ट लक्षात ठेवली की पुढचं पुष्कळ उलगडतं. अभ्यासक्रम मुंबईचा आणि पदवीही मुंबईचीच. वर्गात काय शिकवायचं यापेक्षा पेपरात काय येईल याची चिंता मोठी. पदवी हातात पडली की संस्थानात नोकरी, नाहीतर वकिली. मुलांनी नोट्स उतरवायच्या आणि त्या पाठ करायच्या, हा सरळ व्यवहार होता.

या व्यवहाराला आतूनच टोकणारा एक प्राध्यापक कॉलेजात होता. अरविंद घोष केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात शिकून १८९३ मध्ये बडोदा संस्थानच्या नोकरीत आले. पुढे कॉलेजात आधी फ्रेंच आणि मग इंग्रजी शिकवू लागले. इथली मुलं प्राध्यापकाचा शब्द न् शब्द उतरवून घेतात आणि घोकतात, याचं त्यांना फार आश्चर्य वाटे. एकदा साउदीने लिहिलेलं नेल्सनचं चरित्र शिकवताना मुलांनी तक्रार केली, की तुम्ही सांगता ते छापील नोट्सशी जुळत नाही. त्यांनी सांगून टाकलं, की त्या नोट्स मी वाचलेल्याच नाहीत आणि तशाही त्या बहुतेक कचराच असतात! हा किस्सा पुढे त्यांनी स्वतःच सांगितला आहे. वर्गातल्या मुलांची अडचण मात्र खरी होती. पेपर तपासणारा मुंबईत बसलेला, आणि त्याच्या टेबलावर कदाचित त्याच नोट्स असणार.

२२ जुलै १८९९ रोजी कॉलेजच्या स्नेहसंमेलनात, म्हणजे आपण ज्याला 'गॅदरिंग' म्हणतो त्यात, अरविंदबाबूंचं भाषण झालं. ते 'बडोदा कॉलेज मिसलेनी' या कॉलेजच्या नियतकालिकात छापून आलं, म्हणून आज आपल्याला वाचता येतं. विषय ऑक्सफर्ड-केंब्रिजमधलं विद्यार्थिजीवन. त्याचा मथितार्थ माझ्या शब्दांत सांगायचा तर असा : तिथे माणूस घडतो तो नुसत्या व्याख्यानांनी नव्हे. युनियनमधला वादविवाद, खेळाचं मैदान, एकत्र राहणं, मैत्री, या सगळ्यांनी मिळून तो घडतो. आपल्याकडे हे तयार मिळत नाही. आणि पदवी मिळाली म्हणजे शिक्षण संपलं असंही नाही.

गॅदरिंगचं भाषण म्हटलं की आपण सहसा टाळ्या वाजवतो आणि विसरतो. पण पुढच्या सतरा वर्षांत याच कॉलेजात जे घडलं ते पाहिलं, की हे भाषण विसरण्यासारखं नव्हतं असं वाटतं.

कन्हैयालाल मुनशी १९०२ मध्ये कॉलेजात दाखल झाले. देशप्रेम वाढवावं कसं, असं त्यांनी एकदा अरविंदबाबूंना विचारलं. उत्तरादाखल अरविंदबाबूंनी भिंतीवरच्या हिंदुस्थानच्या नकाशाकडे बोट दाखवलं आणि त्यात भारतमातेचं रूप पाहायला शिका असं सांगितलं. ही आठवण मुनशींनीच लिहून ठेवली आहे. पेपरात येणारा हा प्रश्न नव्हता.

१९०६ मध्ये अरविंदबाबू बडोदा सोडून कलकत्त्याला गेले. सुरत काँग्रेस फुटल्यावर १९०८ च्या जानेवारीत ते बडोद्याला आले, तेव्हा प्रिन्सिपॉलनी विद्यार्थ्यांना त्यांच्या स्वागताला जायची बंदी केली होती. पण मिरवणूक कॉलेजवरून जाताना मुलं बाहेर धावली, गाडीचे घोडे सोडले आणि गाडी स्वतः ओढत नेली. समकालीनांच्या आठवणींतून ही हकीकत आपल्यापर्यंत आली आहे.

आणि मग १९१३ चा मॅट्रिकचा तो विद्यार्थी : विनायक नरहरी भावे. कोकणातल्या गागोद्याचा मुलगा, वडील बडोद्यात नोकरीला. आपण त्यांना विनोबा म्हणून ओळखतो. कॉलेजातल्या तासांपेक्षा त्यांचा वेळ सेंट्रल लायब्ररीत जास्त जाई. उन्हाळ्यात सदरा काढून वाचत बसले म्हणून त्यांना वरच्या गोऱ्या साहेबापुढे उभं करण्यात आलं. सभ्यता कळत नाही का, असं साहेबाने विचारलं. समोरच्याला उभं ठेवून आपण बसून राहणं आमच्या देशात सभ्य मानत नाहीत, असं उत्तर विनोबांनी दिलं. साहेब खूश झाला, आणि खुर्ची मिळाली.

१९१४ च्या सुमारास विनोबा आणि त्यांच्या मित्रांनी 'विद्यार्थी मंडळ' काढलं. जवळपास सगळी आपली बडोद्यातली मराठी मुलं. शिवजयंती, दासनवमी, गणेशोत्सव करायचे, एकमेकांपुढे भाषणं द्यायची. विनोबा मॅझिनीवर बोलले होते. वर्गणी काढून खोली भाड्याने घेतली आणि सुमारे १६०० पुस्तकं जमवली. केंब्रिजच्या युनियनला स्वतःची इमारत होती. आमच्या मुलांकडे भाड्याची खोली होती, पण काम तेच चाललं होतं. १८९९ च्या भाषणाशी याचा थेट धागा जोडायचा मोह मला होतो. पंधरा वर्षांचं अंतर आहे, म्हणून तो आवरतो. गरज मात्र एकच होती, आणि ती मुलांनी स्वतः ओळखली, हे जास्त महत्त्वाचं.

एका शिवजयंतीला त्यांनी ठरवलं, की हा उत्सव चार भिंतींत नको, डोंगरात करायचा. सुट्टी नव्हती. मग तास कुठला बुडवायचा? इतिहासाचा, कारण शिवाजी महाराज त्याच तासाला शिकायचे असतात! दुसऱ्या दिवशी दंड होणार हे माहीत होतं, म्हणून प्रत्येकाने चार आणे खिशात घालून नेले. हा उत्सव इथेच का नाही केला, असं विचारल्यावर गुलामीच्या जागेत तो करता येत नाही, असं उत्तर गेलं. दंड झाला, आणि सगळ्यांनी खिशातून चार-चार आणे काढून पुढे ठेवले. दंगा नाही की माफी नाही. नियम मोडला आणि त्याची किंमत तिथल्या तिथे चुकती केली. पुढे ज्याला आपण सत्याग्रह म्हणायला शिकलो, त्याचं हे बडोद्यातलं बाळरूप, असं मला वाटतं.

मार्च १९१६ मध्ये इंटरची परीक्षा द्यायला विनोबा मुंबईच्या गाडीत बसले. त्याआधीच त्यांनी आईच्या चुलीत आपली प्रमाणपत्रं जाळून टाकली होती. सुरतेला उतरून ताप्ती व्हॅली रेल्वेने भुसावळमार्गे त्यांनी काशी गाठली. सोबत मंडळातलेच दोन मित्र. त्यांपैकी बेडेकर काशीतच आजारी पडून वारले. पुढे विनोबा गांधीजींकडे गेले, आणि मंडळातले कितीतरी सवंगडी मागोमाग आश्रमात पोचले. कॉलेजच्या दृष्टीने हा विद्यार्थी परीक्षेला गैरहजर, एवढीच नोंद.

हे वाचून परीक्षा देणारे सगळे घोकंपट्टीवाले होते असा अर्थ कुणी काढू नये. त्याच सुमारास याच कॉलेजात हंसाबेन मेहता तत्त्वज्ञान शिकत होत्या. १९१८ मध्ये त्या बी. ए. झाल्या, आणि १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ झालं तेव्हा त्याच्या पहिल्या कुलगुरू म्हणून या आवारात परत आल्या. मुनशींनीही पदवी घेतलीच. विनोबांच्या घरच्यांनी त्या मार्चमध्ये काय सोसलं असेल, हेही विसरू नये.

माझं म्हणणं एवढंच, की कॉलेजचा इतिहास आपण प्रिन्सिपॉल, इमारत आणि निकाल यांनी लिहितो, आणि मुलांनी तासाबाहेर जे उभं केलं ते त्यातून गळतं. मिसलेनी छापली गेली म्हणून १८९९ चं भाषण राहिलं. विनोबांनी सांगितलं म्हणून चार आणे राहिले. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या जुन्या मराठी घरांच्या माळ्यावर गॅदरिंगच्या पत्रिका, नाटकांचे फोटो, हस्तलिखितं अजून निघतात. वाडा पाडायला काढला की ती आधी रद्दीत जातात. तुमच्याकडे असं काही असेल तर मंडळाच्या पुढच्या बैठकीला घेऊन या. स्कॅन करून लगेच परत देऊ. त्या मुलीला मला अजून बरंच काही सांगायचं आहे.