कंकाल स्नायूंचे चेतानियंत्रण

हाडांना जोडलेल्या, इच्छेने हलवता येणाऱ्या स्नायूंचे आकुंचन प्रेरक चेतापेशींमार्फत घडवून आणणारी आणि स्नायूंतल्याच संवेदी अवयवांच्या माहितीनुसार त्यात सतत फेरफार करणारी यंत्रणा. चेतासंबंध तोडला तरी हृदय धडधडत राहते. दंडाचा स्नायू मात्र त्याची चेता तुटताच लुळा पडतो आणि पुढे झिजत जातो.

धड व हातापायांच्या प्रेरक चेतापेशी मेरुरज्जूच्या करड्या भागात पुढील बाजूस असतात. तेथून पावलाच्या स्नायूंपर्यंत जाणारा अक्षतंतू सुमारे १ मीटर लांब असतो. एक चेतापेशी आणि तिच्या ताब्यातील सर्व स्नायुतंतू मिळून ‘प्रेरक एकक’ होते. ही कल्पना एडवर्ड लिडेल व चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९२५ मध्ये मांडली. डोळा फिरवणाऱ्या स्नायूंत एका चेतापेशीकडे मोजकेच तंतू असतात, पोटरीच्या स्नायूत हजाराहून अधिक. नजरेची अचूकता आणि पोटरीची ताकद या वाटणीतून येते. जोर वाढवताना लहान चेतापेशी आधी कामाला लागतात, मोठ्या नंतर.

चेतेच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन स्रवते, स्नायुतंतूच्या पटलावरील ग्राहींना चिकटते आणि तंतूत विद्युत आवेग उमटतो. मग तंतूच्या आतील साठ्यातून कॅल्शियम मोकळे होते व ॲक्टिन-मायोसिनचे धागे एकमेकांवरून सरकतात. वापरलेले ॲसिटिलकोलीन एक विकर लगेच तोडून टाकते. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात भेटणारी काही विषे नेमका येथेच घाला घालतात. नागाचे विष ग्राही अडवते. मण्यारीचे विष चेतेची टोकेच निकामी करते, म्हणून उशिरा दिलेल्या प्रतिविषाने श्वसनाचे स्नायू लगेच सावरत नाहीत आणि रुग्णाला कृत्रिम श्वासावर तगवावे लागते. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशके विकर बंद पाडतात. स्नायू आधी फडफडतात, मग लुळे पडतात.

आज्ञेइतकेच महत्त्व उलट दिशेने येणाऱ्या माहितीला आहे, आणि सर्वसाधारण वर्णनांत तिला मिळते त्याहून मोठी जागा तिला द्यायला हवी. स्नायूच्या आत, त्याच्या तंतूंना समांतर, काही मिलिमीटर लांबीचे चातीच्या आकाराचे अवयव असतात. त्यांना स्नायुतर्कू म्हणतात. स्नायू ताणला की तर्कूभोवती वेटोळे घातलेला संवेदी तंतू आवेग पाठवतो. मेरुरज्जूत तो त्याच स्नायूच्या प्रेरक चेतापेशींना थेट भिडतो, मध्ये दुसरी पेशी नसते. गुडघ्याच्या वाटीखाली हातोडी मारल्यावर पाय झटकतो तो या मार्गाने. ही क्रिया १८७५ मध्ये विल्हेल्म एर्ब व कार्ल वेस्टफाल यांनी स्वतंत्रपणे नोंदवली. पाय झटकतानाच मांडीच्या मागच्या स्नायूंना मधल्या चेतापेशींकडून थोपवले जाते, नाहीतर दोन्ही बाजूंची ओढ एकमेकींना भिडली असती.

स्नायू आखडला की तर्कू सैल पडून मुका व्हायला हवा. तसे होत नाही, कारण तर्कूच्या आत स्वतःचे बारीक स्नायुतंतू असतात आणि गॅमा चेतापेशी ते दोन्ही टोकांकडून आखडून तर्कू ताणलेला ठेवतात. ही गोष्ट स्वीडनच्या लार्स लेक्सेल यांनी १९४५ मध्ये दाखवली. म्हणजे मोजणाऱ्या अवयवाची संवेदनक्षमताही चेतासंस्थाच ठरवते. हालचाल सुरू करताना मुख्य स्नायूला व तर्कूला आज्ञा बहुधा बरोबरच जाते. स्नायू व कंडरा यांच्या संधीवरील गॉल्जी अवयव लांबी नव्हे, ताण मोजतात.

हे संवेदी मार्ग बिघडले की ताकद शाबूत असूनही हालचाल ढासळते. ब-१२ जीवनसत्त्वाच्या तीव्र कमतरतेत मेरुरज्जूच्या मागील भागातून मेंदूकडे जाणारे तंतू खराब होतात. असा रुग्ण उजेडात पायांकडे पाहत चालतो, पण अंधारात किंवा तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो. उपचार लवकर सुरू झाल्यास हा दोष बराचसा भरून येतो.