‘मला मान्य आहे’ची कुळकथा

ॲप सुरू करताना दाबावे लागणारे ‘मला मान्य आहे’ हे बटण संगणकापेक्षा बऱ्याच जुन्या घराण्यातले आहे. त्याचा मूळपुरुष शोधायचा तर लंडनच्या चेअरिंग क्रॉस रेल्वे स्थानकाच्या क्लोकरूममध्ये जावे लागते. पार्कर नावाच्या प्रवाशाने दोन पेन्स भरून तिथे बॅग ठेवली आणि पावती घेतली. पावतीच्या दर्शनी बाजूला क्रमांक, तारीख, कामाच्या वेळा आणि ‘मागे पाहा’ एवढाच मजकूर होता. मागे मात्र दहा पौंडांहून अधिक किमतीच्या सामानाची जबाबदारी कंपनीवर नाही, अशी अट होती. साडेचोवीस पौंडांची ती बॅग गहाळ झाली. पार्करने अट वाचलीच नव्हती. 1877 मध्ये अपील न्यायालयाने खटला फेरसुनावणीला पाठवला आणि कसोटी घालून दिली : अट आहे हे ग्राहकाला समजावे इतपत सूचना कंपनीने दिली होती काय? दिली असेल, तर न वाचलेली अटही ग्राहकाला बांधून ठेवते. पुढच्या सगळ्या वादांचे बीज या कसोटीत आहे.

भारतात ही परंपरा लाँड्रीच्या पावतीपर्यंत पोचली. पावतीमागे छापलेल्या अटी ग्राहकाच्या सहीशिवाय आपोआप कराराचा भाग ठरत नाहीत, असे मुंबई उच्च न्यायालयाने देबू विरुद्ध हिंदळेकर या खटल्यात म्हटले.

सॉफ्टवेअर खोक्यातून विकले जाऊ लागले, तेव्हा कंपन्यांपुढे वेगळीच अडचण आली. विकलेली प्रत ग्राहकाच्या मालकीची होते. तो ती पुन्हा विकू शकतो. म्हणून वस्तू विकलीच नाही, वापराचा परवाना दिला, अशी भूमिका घेतली गेली. पाकीट फोडले की अटी मान्य, असे त्यावर छापले जाई. अटींचा कागद पुष्कळदा आतच असे, म्हणजे मान्यता आधी आणि वाचन नंतर! तरीही 1996 मध्ये प्रोसीडी विरुद्ध झायडेनबर्ग या अमेरिकी खटल्यात न्या. ईस्टरब्रुक यांनी असा परवाना ग्राह्य धरला. तिथे अटी खोक्यात होत्या आणि प्रोग्राम चालू करताना पडद्यावरही येत; नापसंत असतील तर माल परत करता येत होता. आजच्या बटणाची कायदेशीर वाट या निकालाने मोकळी केली.

इंटरनेटवर मग अटींची नुसती लिंक पानाच्या तळाशी ठेवण्याची युक्ती निघाली. नेटस्केपच्या ‘स्मार्टडाउनलोड’चे पान याचा नमुना होते. ‘डाउनलोड’चे बटण समोर दिसे, परवान्याचा उल्लेख पाहायला पान खाली सरकवावे लागे. त्या परवान्यात वाद लवादाकडेच नेण्याची अट होती. 2002 मध्ये अमेरिकेच्या दुसऱ्या सर्किटच्या अपील न्यायालयाने ती लागू करायला नकार दिला. निकाल लिहिणाऱ्या सोनिया सोटोमायोर पुढे सर्वोच्च न्यायालयात गेल्या. लिंक दृष्टीआड असेल तर संमती गृहीत धरता येत नाही, हा धडा घेऊन कंपन्यांनी बटण आणि चौकट समोर आणली. काहींनी चौकटीत आधीच खूण करून ठेवली. कुकीजसाठी अशी तयार खूण म्हणजे संमती नव्हे, असे युरोपीय न्यायालयाने 2019 मध्ये सांगितले.

भारतात करार केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात आहे म्हणून तो निष्प्रभ ठरत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 10-अ तसे सांगते. स्वखुशीची संमती, कायदेशीर उद्देश वगैरे बाकी निकष 1872 च्या करार कायद्याचेच आहेत. बटण दाबल्याने करार झाला, हे त्यामुळे सहज सिद्ध होते. त्यातली प्रत्येक अट टिकेल असे नाही. सूचनेच्या कसोटीत अट वाजवी आहे का, हा प्रश्न जवळजवळ बाजूलाच राहिला होता. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तो ऐरणीवर आणला. अवाजवी अनामत, नुकसानीच्या मानाने भरमसाट दंड, योग्य कारणाशिवाय एकतर्फी करार मोडण्याची मुभा अशा अटी ‘अनुचित करारा’त मोडतात. त्या रद्दबातल ठरवण्याचा अधिकार राज्य आणि राष्ट्रीय आयोगांना आहे, जिल्हा आयोगाला नाही.

वैयक्तिक माहितीपुरती 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमतीची व्याख्याच कडक केली : ती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी व स्पष्ट कृतीतून दिलेली असावी. तिची विनंती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय द्यायला हवा. आणि संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असले पाहिजे.