वॉल्डनचे ‘पूर्वीचे रहिवासी’

मॅसॅच्युसेट्समधील कॉन्कॉर्ड हे लहानसे गाव. १९ एप्रिल १७७५ रोजी येथील नॉर्थ ब्रिजवर शेतकरी-शिपायांनी ब्रिटिश सैन्यावर गोळ्या झाडल्या. पुढे याच गावात एमर्सन, हॉथॉर्न, थोरो आणि अल्कॉट कुटुंब शेजारी म्हणून नांदले. ‘लिटल विमेन’ येथीलच.

मात्र स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या या गावात तेव्हा गुलामही होते. पुलालगतच्या ‘ओल्ड मॅन्स’ या घरातून एमर्सनच्या आजोबांच्या कुटुंबाने ती चकमक पाहिली. त्याच घरात गुलाम राबत होते.

ब्रिस्टर हा डॉक्टर जॉन क्यूमिंग यांचा गुलाम. तो अमेरिकेच्या बाजूने सैन्यात लढला, मुक्त झाला आणि त्याने ‘फ्रीमन’, म्हणजे मुक्त मनुष्य, हे आडनाव धारण केले. १७८५ मध्ये त्याने आणखी एका कृष्णवर्णीय सैनिकासह वॉल्डनच्या रानात एक एकर जमीन घेतली. जमीन रेताड, पिकाला नालायक. म्हणूनच तेथे कृष्णवर्णीयांना बस्तान बसवता आले. जवळच झिल्पा व्हाइट ही स्त्री सूत कातून एकटीच राहत असे. १८१२ च्या युद्धकाळात तिचे घर जाळले गेले. कुत्रा, मांजर, कोंबड्या, सारे त्यात गेले. तरीही ती तेथेच राहिली.

४ जुलै १८४५ रोजी थोरो वॉल्डनकाठी राहायला आला, तेव्हा या वस्तीची केवळ तळघरांची खळगी उरली होती. त्याचा प्रसिद्ध एकांत ज्या रानात फुलला, ते रान निर्मनुष्य नव्हते. ते निर्मनुष्य झाले होते. थोरोला याची जाणीव होती, हे त्याचे श्रेय. ‘वॉल्डन’मधील (१८५४) एका प्रकरणात त्याने या माणसांची नावे नोंदवली. ते प्रकरण वाचक बहुधा घाईने उलटतात.

गुलामगिरीला पाठीशी घालणाऱ्या सरकारला कर नाकारून थोरोने जुलै १८४६ मध्ये एक रात्र तुरुंगात काढली. (चांभाराकडे दुरुस्तीला दिलेला जोडा आणायला तो गावात आला होता!) त्यातून जन्मलेला निबंध पुढे गांधीजींनी वाचला.

ब्रिस्टर १८२२ मध्ये वारला. त्याच्या झोपडीजवळच्या चढाला आजही ‘ब्रिस्टर्स हिल’ म्हणतात. सीझर रॉबिन्स या पूर्वाश्रमीच्या गुलामाच्या मुलांसाठी बांधलेले घर तर मूळ जागेवरून उचलून नॉर्थ ब्रिजजवळ आणले गेले आहे. तेथे आता संग्रहालय आहे, ‘ओल्ड मॅन्स’पासून हाकेच्या अंतरावर.