छत्रीचं तोंड कुणीकडे?

उपग्रहांचा इतिहास आमच्या धंद्यात छत्रीच्या तोंडावरून कळतो. शहाद्यात माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान. छत्र्या बसवायला मात्र तळोदा, अक्कलकुवा, पार धडगावच्या पाड्यांपर्यंत जातो.

इन्सॅट-१बी ३० ऑगस्ट १९८३ रोजी अमेरिकेच्या चॅलेंजर यानातून निघाला. त्याचा सौरपंख अडकला होता, तो सप्टेंबरात उघडला. मग त्याला ७४ अंश पूर्व रेखांशावर ठेवलं: मालदीवजवळ, विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर. पृथ्वीबरोबरच फिरत असल्याने तो खालून जागचा हललेला दिसत नाही. अक्कलकुवाही जवळजवळ त्याच रेखांशावर आहे. म्हणजे आमच्याकडून तो सरळ दक्षिणेला, क्षितिजापासून ६५ अंश वर. दूरदर्शनची छोटी प्रक्षेपण केंद्रं त्याच्याकडून कार्यक्रम घ्यायची आणि मनोऱ्यावरून पसरवायची. मनोऱ्याची लहर मात्र सातपुड्याला अडते. दरीतल्या गावाला नुसत्या मुंग्या दिसायच्या.

१९९१ मध्ये स्टार टीव्ही आला तो एशियासॅट-१ वरून, १०५.५ अंशांवरून. केबलवाल्यांच्या जाळीच्या मोठ्या छत्र्या पूर्वेकडे वळल्या, आणि खाली झुकल्या ४७ अंशांपर्यंत.

डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची मोफत डीटीएच सेवा सुरू झाली. उपग्रह एनएसएस-६, जागा ९५ अंश. केयू बँडची लहर आखूड आणि उपग्रहाचा झोत जोरदार, म्हणून घरावर हातभर थाळी पुरते. आखूड लहरीचा तोटा एवढाच की आषाढातल्या जोरदार सरीत चित्र फुटतं. पुढे सेवा ९३.५ अंशांवरच्या इन्सॅट-४बी वर गेली. फरक दीड अंशाचा. पण तेवढ्यानंही सिग्नल पडतो, म्हणून लावलेल्या छत्र्या पुन्हा फिरवाव्या लागल्या. २०१५ मध्ये जीसॅट-१५ त्याच जागी आला, तेव्हा पाने-पकड काढायची गरज पडली नाही. आजही तोंड आग्नेयेला, उंची ५७ अंश.

७४ अंशांची जागा रिकामी नाही. तिथून इन्सॅट-३डीआर ढगांची चित्रं पाठवतो. पण घरची छत्री तिकडे कुणी वळवत नाही.

धडगावकडे काम निघालं की मी आधी अंगणात उभा राहून आग्नेयेकडे बघतो. उपग्रह इतका वर असतो की डोंगर सहसा आड येत नाही. आड येतो तो दारातला महू, म्हणजे मोहाचं झाड. घरचे त्याला जपतात; त्याची फांदी तोडू का, असं विचारायचीही सोय नसते. मग मीच पाइप वाढवतो.