सिमांडल मास्तरांची शिकवणी

टोपी कानावर ओढून घ्या. साल 1877, डिसेंबरचे शेवटचे दिवस, आणि तुम्ही थेट व्हिएन्नात उतरला आहात. अहो, बाजूला व्हा, घोड्यांची ट्राम येतेय! रस्त्यात बर्फ, लीद आणि चिखलाचा नुसता राडा. कोळशाच्या धुराने घसा खवखवतो. कॉफीहाउसचं दार उघडतं, भाजलेल्या कॉफीचा वास अंगावर येतो. पण आत्ता नको, शिकवणीला उशीर होईल.

म्युझिकफेराइन या संगीतभवनाची इमारत अजून नवीच आहे. संगीतशाळा इथेच भरते. जिना चढताना एका दारामागे व्हायोलिन किरकिरतं, दुसऱ्यामागे कुणी गळा तापवतंय. तुमच्या खोलीत फ्रान्झ सिमांडल उभे आहेत. वय 37, बोहेमियातल्या ब्लात्नाचे, प्रागला शिकलेले. दरबारी ऑपेरात हे डबल बासचे मुख्य वादक. तिथे गॅसच्या दिव्यांच्या धगीत रात्र-रात्र वाजवायचं आणि इथे तुमच्यासारख्यांना घडवायचं.

वाद्य तुमच्या डोक्याहून उंच आहे. गजाला राळ घासा. तिची पूड बाहीवर बसते, नाकात जाते. गज वरून पकडू नका, हात खालून घाला. आता आतड्याच्या जाड तारेवर डावा हात. पहिलं बोट, दुसरं, आणि एकदम चौथं! तिसऱ्याने चौथ्याला नुसता टेकू द्यायचा. पहिल्यापासून चौथ्यापर्यंत सा ते शुद्ध रे एवढंच अंतर. ते पक्कं बसलं की हात किंचित सरकवायचा आणि नव्या जागी पुन्हा तेच. थोड्याच वेळात बोटांची टोकं हुळहुळतात, खांदा भरून येतो. सुटका नाही. परत वाजवा.

रविवारी याच इमारतीतल्या मोठ्या सभागृहात या. मागे उभ्या गर्दीत घुसा. ओल्या लोकरी कोटांचा कुबट वास, त्यात अत्तराचा दर्प, कुणाचं तरी कोपर तुमच्या बरगडीत. ऑपेराचीच वादक मंडळी फिलहार्मोनिक वाद्यवृंद म्हणून मंचावर बसली आहेत; बासच्या रांगेत मास्तर दिसतात का बघा. वाद्यवृंदाचे संचालक हान्स रिश्टर हात उचलतात. संगीतकार ब्राम्सची दुसरी सिम्फनी आज पहिल्यांदाच वाजणार, आणि सुरुवात कुणाची? चेलो आणि डबल बासची! सा, नी, सा आणि मग खालचा पंचम. आवाज कानाआधी पोटात घुमतो. तिसऱ्या भागानंतर लोक टाळ्या थांबवायलाच तयार नाहीत. तो भाग पुन्हा वाजवावा लागतो.

सिमांडल 1910 पर्यंत शिकवत राहिले. आपली पद्धत त्यांनी पुस्तकात टप्प्याटप्प्याने मांडली आणि ते पुस्तक आजही जगभर शिकवलं जातं. पहिलं, दुसरं, चौथं: डबल बास शिकणारे असंख्य हात अजून इथूनच सुरुवात करतात. मास्तर म्हणून यापेक्षा मोठी कमाई ती कोणती?