एका माणसाचं वाटण

मागच्या पावसाळ्यात बाबांचे वरचे बरेचसे दात काढावे लागले. हिरड्या भरून कवळी बसेपर्यंत मऊ खा, पातळ खा, असं डॉक्टरांनी सांगितलं. बाबा साताऱ्यात एकटे राहतात, मी पुण्यात. आईला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. या दोन वर्षांत बाबा भात, आमटी, पिठलं करायला शिकले होते. मिक्सरच्या वाटेला मात्र फारसे गेले नव्हते. ते आईचं खातं.

तिसऱ्या दिवशी फोनवर म्हणाले, "केळं घातलं, कपभर दूध घातलं, बटण फिरवलं. सगळं भांड्याच्या भिंतीला जाऊन चिकटलं. पातं आपलं मोकळंच फिरतंय."

"दूध वाढवा ना थोडं."

"वाढवलं की. तीन केळी आणि अर्धा लिटर दूध घातलं की झकास होतं. पण पिणार कोण तेवढं?" मग जरा थांबून म्हणाले, "एका माणसाचं वाटण होत नाही बघ यात."

त्या रात्री मी फोनवर छोटे ब्लेंडर शोधायला बसले. दुकानदार त्यांना 'पर्सनल ब्लेंडर' म्हणतात. ३०० मिलीचा, ४०० मिलीचा, चार्जिंगवर चालणारा, जिममध्ये नेता येणारा. तासाभरात डोकं गरगरायला लागलं. मग मला सवयच आहे तसं झालं: वस्तू राहिली बाजूला आणि मी तिचा इतिहास वाचत बसले. त्यात कळलं ते असं, की हे यंत्र जन्मलं तेच मुळी एका ग्लासासाठी. कुटुंबाचं ते नंतर झालं.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात मिशिगन सरोवराच्या काठी रसीन नावाचं गाव आहे. आजारपणात आपल्याला ज्याचा कप हातात मिळायचा, ते हॉर्लिक्स याच गावचं. इंग्लंडहून आलेल्या जेम्स आणि विल्यम हॉर्लिक या भावांनी १८७३मध्ये शिकागोत धंदा सुरू केला आणि थोड्याच वर्षांत तो रसीनला आणला. माल्ट, गव्हाचं पीठ आणि दूध यांची ती पावडर सुरुवातीला बाळांसाठी आणि आजाऱ्यांसाठी होती. पुढे अमेरिकेत गावोगावी औषधांच्या दुकानांत सोडा फाउंटन आले, म्हणजे थंड पेयं देणारे काउंटर. तिथे दूध, आइस्क्रीम आणि ही पावडर यांचा 'माल्टेड मिल्क' लोकप्रिय झाला. गिऱ्हाईक स्टुलावर बसणार, पैसे देणार, एक ग्लास पिणार आणि जाणार. दर ग्लासाला पावडर नीट मिसळली पाहिजे, गुठळी राहता कामा नये.

ग्लासात वरून दांडा सोडून घुसळणारी विजेची यंत्रं तेव्हा होतीच. रसीनमध्येच राहणाऱ्या स्टीव्हन पोप्लावस्की या पोलंडहून आलेल्या माणसाने त्यातली दिशा उलटी केली. पातं वरून खाली सोडायच्या ऐवजी त्याने ते भांड्याच्या तळाशी बसवलं. त्याच्या या यंत्राच्या पेटंटचा अर्ज १९२२ सालचा. आज तुमच्या-माझ्या ओट्यावरचा प्रत्येक मिक्सर त्या एका कल्पनेवर उभा आहे.

पुढचा माणूस फ्रेड ओसियस. तोही रसीनच्याच यंत्रधंद्यातला. त्याने ही रचना सुधारली, पण पैसे नव्हते. म्हणून त्याने गाठलं फ्रेड वॉरिंगला. वॉरिंग हा रेडिओवर गाजणारा वाद्यवृंदाचा म्होरक्या. त्याला यंत्रांचं वेड होतं. त्याने पैसे घातले, आणि १९३७मध्ये शिकागोच्या उपाहारगृहांच्या प्रदर्शनात हे यंत्र 'मिरॅकल मिक्सर' या नावाने लोकांसमोर आलं. किंमत २९.७५ डॉलर. पुढच्या वर्षी त्याचं नाव झालं 'वॉरिंग ब्लेंडॉर', वेगळं दिसावं म्हणून स्पेलिंगमध्ये मुद्दाम 'ई'च्या जागी 'ओ'. दारूबंदी १९३३मध्ये उठली होती, त्यामुळे बारवाल्यांना ते हवंच होतं. वॉरिंग आपल्या दौऱ्यांवरही ते घेऊन फिरायचा.

या यंत्राने एक फार मोठं कामही केलं आहे. १९५२मध्ये आल्फ्रेड हर्शी आणि मार्था चेस यांना शोधायचं होतं की आनुवंशिक माहिती प्रथिनात असते की डीएनएमध्ये. जिवाणूंना बाहेरून चिकटलेली विषाणूंची कवचं सुटी करायला त्यांनी वापरला तो वॉरिंगचा ब्लेंडर. कवचं बाहेर राहिली, डीएनए आत गेलेला सापडला. जीवशास्त्राच्या पुस्तकांत हा प्रयोग आजही 'ब्लेंडर प्रयोग' म्हणून ओळखला जातो.

पण या सगळ्या हकिकतीत एक गोष्ट लक्षात घ्या. दूध, बर्फ, रस, दारू, प्रयोगशाळेतलं द्रावण. सगळं पातळ. काम एकच: घुसळणं.

आपल्या स्वयंपाकघरात घुसळणं हे अनेक कामांतलं एक. आपण कुटतो, ठेचतो, भरडतो, दळतो, वाटतो. प्रत्येकाला वेगळं क्रियापद, कारण प्रत्येकाचं अवजार वेगळं होतं: खलबत्ता, उखळ, जातं, पाटा-वरवंटा, रवी. पाट्यावर वाटताना दोन दगडांमध्ये खोबरं चिरडलं जातं, घासलं जातं, त्याचं तेल सुटतं. दगड गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावून घ्यायची, म्हणजे छिन्नीने पुन्हा खरखरीत करायचा. हे अवजार घरात इतकं मुरलेलं, की आपल्याकडे बारशाला वरवंट्यालाच कुंची घालून, बाळासारखं सजवून पाळण्यात घालतात.

पाट्याची आणखी एक गंमत म्हणजे त्याला मापाचं बंधन नव्हतं. दोन मिरच्या आणि लसणाची चार कुड्या वाटा, नाहीतर वीस पानांचं वाटण करा. दगड तोच. फरक पडायचा तो वाटणारीच्या मनगटांना. माझी आजी रोज सकाळी वाकून बसायची. तिच्या खांद्याचं दुखणं घरात कुणी दुखणं म्हणून मोजलंच नाही. पाट्यावरच्या चटणीच्या आठवणी काढणारे लोक बहुधा खाणारे असतात, वाटणारे नसतात.

अशा घरांत विलायती मिक्सर आले तेव्हा काय झालं असेल, त्याची एक हकिकत प्रसिद्ध आहे. मुंबईत सीमेन्समध्ये काम करणारे इंजिनिअर सत्यप्रकाश माथुर. त्यांच्या पत्नी माधुरी माथुर यांच्याकडे ब्राउनचा जर्मन मिक्सर होता. तो बंद पडला आणि इथे दुरुस्त करून मिळेना. दोष मिक्सरचा म्हणावा तर तो बनला होता घुसळायला आणि त्याला लावलं होतं वाटायला. भिजलेली डाळ, सुकं खोबरं, हळकुंडं हे त्याच्या मोटारीने स्वप्नातही पाहिलं नव्हतं. माथुरांनी मग आपल्या वाटणाला पुरेल अशी दणकट मोटार, स्टीलची भांडी आणि वेगवेगळ्या कामांना वेगवेगळी पाती असलेलं यंत्र तयार केलं. १९६३च्या सुमारास ते 'सुमीत' नावाने बाजारात आलं. पुढची दोन-तीन दशकं कित्येक घरांत मिक्सर म्हणजे सुमीत. परदेशी जाणाऱ्यांच्या सामानातही तो असायचा. अमेरिकेतली वीज ११० व्होल्टची, म्हणून सोबत ट्रान्सफॉर्मर.

पोप्लावस्कीचा ग्लास इथे कुटुंबाचं भांडं झाला. पाचसहा माणसांचं वाटण एका फटक्यात व्हावं एवढं मोठं. बाईची मनगटं सुटली हे खरंच, आणि ते फार मोलाचं. पण दगडाला नव्हतं ते मापाचं बंधन आलं. मिक्सर चालतो तो भोवऱ्यावर: पातं पातळ पदार्थ बाहेर फेकतं, तो भिंतीने वर चढतो आणि मधून परत पात्यावर पडतो. रुंद भांड्यात थोडंसंच काही घातलं, तर ते भिंतीला जाऊन बसतं, परत येतच नाही. बाबांचं केळं तिथेच अडकलं होतं. त्या भांड्याने घरात किती माणसं असणार हे गृहीत धरलं होतं. आमच्या घरात आता तेवढी माणसं नव्हती.

एकट्यासाठीचा ग्लास परत आला या शतकाच्या सुरुवातीला. अमेरिकेत 'मॅजिक बुलेट' नावाचा बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा छोटा ब्लेंडर टीव्हीवरच्या लांबलचक जाहिरातींतून विकला गेला. २०१२मध्ये त्याचाच मोठा भाऊ 'न्यूट्रिबुलेट' आला आणि हिरव्या स्मूदीची लाट आली. युक्ती साधी: भांडं अरुंद करा आणि पातं झाकणात बसवा. ग्लास भरा, पात्याचं झाकण लावा, उलटा करून मोटारीवर दाबा. झालं की सरळ करून त्यातूनच प्या. अरुंद भांड्यात थोडा ऐवजही पात्याशीच राहतो.

त्या रात्री एवढं कळल्यावर निवड सोपी झाली. तुम्हीही शोधत असाल तर स्वतःला आधी विचारा: मला घुसळायचंय की वाटायचंय? केळं, आंबा, भिजवलेले ओट्स, दूध, दही एवढंच असेल तर चार्जिंगचा छोटा ब्लेंडर चालेल. पण साधा यूएसबी चार्जर ५ व्होल्ट गुणिले २ अँपिअर, म्हणजे १० वॅट देतो. तो बॅटरीत साठवून ते यंत्र मिनिटभर जोर करतं. त्याच्याकडून सुकं खोबरं मागू नका. बर्फ, गोठवलेली फळं किंवा दाणे हवे असतील तर भिंतीत प्लग लावायचा, निदान ३००-४०० वॅटचा घ्या. ग्लास केवढा हवा ते आपण पितो केवढं यावर ठरवा. पातळ पदार्थ आधी, घट्ट नंतर. बंद ग्लासात गरम सूप कधीही फिरवू नका, वाफ कोंडून झाकण उडतं. पात्याखालचं रबर काढून धुता येतं का बघा, वास तिथेच धरतो. आणि ते रबर, ते पातं सुटं मिळतं का हे घेण्याआधीच विचारा.

मी ४०० मिलीचा एक निवडला आणि बाबांना फोन केला. ते गप्प झाले. मग म्हणाले, "एवढासाच? आणि कुणी आलं म्हणजे?"

मला वाटलं होतं की प्रश्न वॅटचा आहे. तो ग्लास घरात घेणं म्हणजे, इथून पुढे इथे एकच माणूस जेवणार, हे मान्य करणं होतं. ते बाबांना जमत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही.

शनिवारी साताऱ्याला गेले. मिक्सर पुसायला घेतला आणि आठवलं, याला तिसरं भांडं होतं. चटणीचं. स्टूल घेऊन माळ्यावर चढले. आईने ते वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलं होतं. तळातून गळत होतं म्हणून वर टाकलेलं. अरुंद, बुटकं, जेमतेम ग्लासभर मावेल एवढं. खालची मोटार मात्र मोठ्या भांड्याचीच, कुटुंबाची. अमेरिकेने जे नंतर वेगळं यंत्र म्हणून विकलं, ते आपल्या मिक्सरच्या खोक्यात आधीपासून होतं. आपण त्याला कधी 'पर्सनल' म्हटलं नाही एवढंच. थोडंसंच काही हवं असणारी माणसं भरल्या घरातही असतातच.

बाजारातल्या दुरुस्तीवाल्याने पातं, बुश आणि रबर बदलून दिलं. नव्या ब्लेंडरपेक्षा कितीतरी कमी पैशांत झालं. घरी येऊन बाबांनी एक केळं, कपभर दूध आणि दोन भिजवलेले खजूर घातले. झाकण तळव्याने दाबून धरलं, आई धरायची तसंच. अर्ध्या मिनिटात झालं. भिंतीला काही चिकटलं नाही.

ग्लास माझ्यापुढे सरकवून त्यांनी भांडं विसळलं आणि दुसरं केळं सोलायला घेतलं.

"दोनदा लावावं लागतं," म्हणाले. "दोघं असलो की."